बिलात इंच आला की प्रोग्राम बसतो: स्ट्रिंगला एकेरी अवतरण द्यायचं की दुहेरी?

टॉवेलवाला (रात्री १०.१५)

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत काकांचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, आठ लूम. डिप्लोमा झाल्यापासून मी तिथंच बसतो, आणि वहीतली बिलं कॉम्प्युटरवर आणायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पायथॉन थोडंफार येतं. मोबाईलवरून लिहितोय, त्यामुळे कोड देवनागरीतच उतरवतो, सांभाळून घ्या.

मालाची यादी प्रोग्राममध्येच लिहायला घेतली आणि पहिल्याच ओळीला गाडी अडली:

माल = "टॉवेल ३०" × ६०""

सिंटॅक्स एरर. आमच्याकडे माप असंच लिहितात, आकड्यावर दोन रेघा म्हणजे इंच. काकांच्या वहीत गेली तीस वर्षं हेच चालू आहे.

शोधलं तर कोणी म्हणतं स्ट्रिंग (म्हणजे प्रोग्राममधला मजकूर) एकेरी अवतरणात लिही, कोणी म्हणतं दुहेरीत. शाळेत व्याकरणात एवढंच शिकलो होतो की बोलणाऱ्याच्या तोंडचे शब्द दुहेरीत आणि एखाद्या शब्दावर जोर द्यायचा असला तर एकेरीत. प्रोग्रामिंगमध्ये असा काही नियम आहे का?

होटगी_रोडकर (रात्री १०.२८)

पायथॉनमध्ये दोन्ही सारखेच रे. ज्या चिन्हानं सुरू केलंस त्यानंच संपव, एवढाच नियम. तुझ्या ओळीत काय झालं बघ: ३० नंतरचा इंच आला तिथंच पायथॉनला वाटलं स्ट्रिंग संपली. मग पुढचं × ६० त्याच्या दृष्टीनं कोड, आणि असा कोड त्याला माहीत नाही.

बाहेर एकेरी लाव:

माल = 'टॉवेल ३०" × ६०"'

झालं काम. मी तर सगळीकडे एकेरीच वापरतो. शिफ्ट दाबायला लागत नाही.

शेंगाचटणी (रात्री १०.३३)

शिफ्टचा कंटाळा म्हणून एकेरी? धन्य आहे लका तुझी.

दुहेरी वापरा. उद्या जेसन (प्रोग्राम एकमेकांना माहिती पाठवतात तो मजकुराचा साचा) लिहायची वेळ आली की तिथं दुहेरीच चालतं, एकेरी अजिबात नाही. माझ्या पहिल्या नोकरीत मी पायथॉनची डिक्शनरी सरळ स्ट्रिंगमध्ये बदलून दुसऱ्या सर्व्हरला पाठवली होती. पायथॉन स्वतः स्ट्रिंग दाखवताना आपणहून एकेरी अवतरण लावतो, म्हणून ती बघायला जेसनसारखी दिसत होती, पण पलीकडचा सर्व्हर काही घेईना. दीड दिवस गेला माझा. शेवटी शेजारी बसणारी ताई म्हणाली, अवतरणं बघ जरा.

(गंमत म्हणजे स्ट्रिंगमध्ये एकेरी चिन्ह असलं आणि दुहेरी नसलं, तर तोच पायथॉन दाखवताना दुहेरीवर जातो.)

टॉवेलवाला (रात्री १०.५०)

रोडकर भाऊ, एकेरीनं टॉवेल निघाले. पण आता चादरी आडव्या आल्या. चादरीचं माप फुटात असतं आणि फुटाला एक रेघ:

माल = 'चादर ५' × ७''

परत सिंटॅक्स एरर. आणि एक गिऱ्हाईक साडेपाच फुटाची मागतं, ती वहीत ५'६" अशी आहे. तिच्यात दोन्ही चिन्हं. आता बाहेर काय लावू, कपाळ?

अर्धा_इंच (रात्री १०.५८)

हसून हसून पोट दुखलं 😂 धाग्यावर असा धागा पहिल्यांदाच बघितला.

चिन्हाच्या आधी उलटी तिरपी रेघ द्यायची. मग ते चिन्ह स्ट्रिंगचा शेवट नाही, नुसतं अक्षर धरलं जातं:

माल = 'चादर ५\'६"'

नाहीतर तीन अवतरणं लाव. पण त्यात एक खड्डा आहे, मी पडलोय म्हणून सांगतो. तुझी स्ट्रिंग इंचाच्या चिन्हानंच संपते. बाहेर तीन दुहेरी लावलेस तर शेवटी ओळीनं चार होतात:

"""चादर ५'६""""

पायथॉन त्यातले पहिले तीन बघून दुकान बंद करतो आणि चौथं चिन्ह उरतं लोंबकळत. ते नवी स्ट्रिंग सुरू करतं, तिला शेवट नाही. म्हणून तुला तीन एकेरी लावावी लागतील:

'''चादर ५'६"'''

पॉलिटेक्निकवाली (रात्री ११.२०)

मी शिकवते, त्यामुळे जरा लांबण लागेल, माफ करा.

'दोन्ही सारखेच' हे वाक्य पायथॉन आणि जावास्क्रिप्टपुरतं खरं आहे. मुलं ते ऐकून सी भाषेत जातात आणि तिथं आपटतात. सी मध्ये एकेरी अवतरणात एकच अक्षर असतं आणि खरं म्हणजे ते अक्षर नसून आकडा असतो. दुहेरीत स्ट्रिंग असते, म्हणजे मेमरीत ओळीनं ठेवलेली अक्षरं आणि शेवटी एक शून्य बाइट, 'इथं थांब' सांगायला. इंग्रजी ए एकेरीत लिहिला तर ६५, दुहेरीत लिहिला तर दोन बाइट: एक ए आणि एक ते शून्य. दोघांची तुलना करायला गेलात तर कंपायलर कुरकुरतो, आणि मुलं 'वॉर्निंगच तर आहे' म्हणून पुढे जातात. जावा आणि सी शार्पमध्येही एकेरी म्हणजे एक अक्षर, दुहेरी म्हणजे स्ट्रिंग.

आता यात आपली देवनागरी घाला. जावात एकेरी अवतरणात 'क' चालतो. 'की' चालत नाही, कारण आपल्याला ते एक अक्षर दिसतं, पण आत क आणि दीर्घ वेलांटी असे दोन कोड आहेत. सी मध्ये यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) वापरलं तर साधा 'क' सुद्धा तीन बाइट घेतो, म्हणून जीसीसी हा सी चा कंपायलर तिथंही वॉर्निंग देतो. वर्गात मी मुलांना नेहमी विचारते, "सोलापूर" या स्ट्रिंगची लांबी किती? सगळे म्हणतात चार. पायथॉन म्हणतो सात: स, ओकार, ल, काना, प, दीर्घ उकार, र. सी मध्ये बाइट मोजले तर एकवीस, वर शेवटचं शून्य धरून बावीस. त्या दिवशी वर्गात कोणी झोपत नाही.

पीएचपी, पर्ल आणि लिनक्सचा शेल (जिथं आज्ञा टाइप करतात तो) यांचा प्रकार तिसराच. तिथं दुहेरी अवतरण आतून जिवंत असतं: आत डॉलर लावून व्हेरिएबल लिहिलं तर त्याची किंमत येऊन बसते. एकेरीत लिहिलं तर डॉलर तसाच छापला जातो. बाळबोध भाषेत सांगायचं तर एकेरीतला मजकूर पाटीवर कोरलेला, दुहेरीतला खडूनं लिहिलेला. आणि शेलच्या एकेरी अवतरणात तर एकेरी चिन्ह घालायची सोयच नाही, उलटी रेघ दिली तरी. स्ट्रिंग बंद करून, चिन्ह बाहेर लिहून परत उघडावी लागते. शेलमध्ये ५' लिहायचं ठरवलंस तर हे लक्षात ठेव बाबा.

होटगी_रोडकर (रात्री ११.२६)

मॅडम, एकेरी अवतरण पीएचपीत फास्ट चालतं म्हणतात ते खरं का?

पॉलिटेक्निकवाली (रात्री ११.३१)

फरक पडलाच तर तो तुमच्या बिलात दिसणार नाही. त्यापेक्षा डेटाबेसला फेऱ्या किती मारता ते मोजा.

पंचकार्ड_काका (पहाटे ५.४०)

रात्री तुम्ही पोरं जागताय आणि आम्हा म्हाताऱ्यांना पहाटे जाग येते. चहा ठेवलाय, तोवर लिहितो.

मी कॉलेजात जुन्या पुस्तकावरून फोरट्रान शिकलो. त्यात १९६६ च्या प्रमाण फोरट्रानमध्ये स्ट्रिंगला अवतरणचिन्हंच नव्हती. आधी अक्षरं मोजायची, मग आकडा लिहायचा, त्यापुढे इंग्रजी एच, आणि मग तितकी अक्षरं. इंग्रजीत सोलापूर लिहायचं तर सात अक्षरं, म्हणून ७एच आणि पुढे एस ओ एल ए पी यू आर. तो एच होलेरिथ साहेबाचा. १८९० च्या अमेरिकेतल्या जनगणनेला ज्याची कार्ड मोजणारी यंत्रं वापरली, तोच. मोजण्यात एक अक्षर चुकलं तर पुढचा कोड स्ट्रिंगमध्ये ओढला जायचा, नाहीतर स्ट्रिंगची शेपटी कोडमध्ये. पण एक सांगतो, तेव्हा इंच आणि फूट आत कितीही लिहा, भांडण नव्हतं. शेवट चिन्हावर ठरत नव्हता, मोजमापावर ठरत होता. पुढे फोरट्रान ७७ मध्ये एकेरी चिन्ह आलं आणि मोजायचं काम सुटलं. आत एकेरी हवं असेल तर ते दोनदा लिहायचं. पास्कलमध्येही तसंच.

आमच्या घरी तीन पिढ्या माग होता. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात कन्नड. चादर विणताना काठ असतो तो शोभेसाठी नाही, सूत सुटू नये म्हणून असतो. काठाचं सूत आणि अंगाचं सूत एकाच रंगाचं घेतलं तर कापणाऱ्याला कळत नाही कुठं थांबायचं. टॉवेलवाल्या, तुझं नेमकं तेच झालंय. मालाच्या नावात जे चिन्ह आहे त्याचाच तू काठ केलास. काठ बदलून पुरणार नाही, कारण उद्या नवा माल वेगळ्या रंगाचा येईल.

शेंगाचटणी (सकाळी ८.०५)

काका, नमस्कार घ्या 🙏 हे वाचून भाकरी गार झाली माझी.

टॉवेलवाला (सकाळी ९.१०)

काका, पटलं. पण अजून एक. रात्री घरच्या कॉम्प्युटरवर मराठीत नावं टाकायला बसलो, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर. स्ट्रिंग बंद करायला अवतरणाची कळ दाबली तर उमटतंय काय:

माल = "नॅपकिनठ

तरी प्रोग्राम म्हणतोय स्ट्रिंगला शेवट नाही. मला पंधरा मिनिटं तो ठ दिसलाच नाही.

अर्धा_इंच (सकाळी ९.१४)

नॅपकिनठ 😂😂 उद्यापासून हेच नाव ठेवा मालाचं.

पॉलिटेक्निकवाली (सकाळी ९.४०)

इनस्क्रिप्टमध्ये त्या कळीवर ट आहे आणि शिफ्टबरोबर ठ. अवतरणासाठी इंग्रजी कीबोर्डवर यावंच लागतं. आमच्या लॅबमध्ये दर वर्षी दोन-तीन जण यात सापडतात.

याच्याहून वाईट प्रकार आहे वळणदार अवतरणांचा. क्लासच्या नोट्स वर्डप्रोसेसरमधून येतात, मित्र कोड चॅटवर पाठवतो, आणि सरळ चिन्हाच्या जागी “ असं वळलेलं चिन्ह येतं. डोळ्याला छान दिसतं. पण कॉम्प्युटरला सरळ दुहेरी म्हणजे ३४ क्रमांकाचं चिन्ह, एकेरी ३९. वळणदार उघडतं ८२२० आणि बंद करणारं ८२२१. पायथॉनला ही अवतरणं वाटतच नाहीत, तो 'इनव्हॅलिड कॅरेक्टर' म्हणून बोट दाखवतो. कोड पाठवायचा असेल तर साध्या टेक्स्ट फाईलमध्ये पाठवा, आणि फोनच्या कीबोर्डमधली स्मार्ट विरामचिन्हं बंद करा.

तसं बघितलं तर इंचाचं खरं चिन्हही वेगळं आहे: ″, क्रमांक ८२४३. ते वापरलं तर अवतरणाशी भांडणच होत नाही. पण काकांना ते कुठल्या कळीवर आहे हे कोण सांगणार?

पुण्यातला_सोलापूरकर (सकाळी ११.०२)

मूळ प्रश्न राहिलाय बाजूला. टॉवेलवाला, मालाची यादी कोडमध्ये का लिहितोयस? काका (पंचकार्डवाले) हेच सांगतायत. यादी एक्सेलमध्ये ठेव, तिथून सीएसव्ही (स्वल्पविरामानं रकाने वेगळे केलेली साधी फाईल) काढ आणि प्रोग्रामनं ती वाचावी. कोडमध्ये एकही इंच नको.

आणि डेटाबेस वापरणार असशील तर आधी हे ऐक. एसक्यूएल म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा, तिच्या प्रमाण नियमाप्रमाणे स्ट्रिंग एकेरीत. दुहेरी अवतरण हे टेबलाच्या किंवा कॉलमच्या नावाला. मायएसक्यूएल मूळ सेटिंगमध्ये स्ट्रिंगला दुहेरीही चालवून घेतं, त्यानं आमच्या टीमला वाईट सवय लागली होती. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर गेलो त्या दिवशी निम्म्या क्वेऱ्या 'असा कॉलमच नाही' म्हणून परत आल्या, कारण "सोलापूर" हे त्याला गावाचं नाव नाही, कॉलमचं नाव वाटलं. पोस्टग्रेसचं बरोबर होतं, चुकलो आम्ही.

क्वेरी जोडाजोडी करून बनवू नकोस. ५' ची चादर आली की एकेरी चिन्ह क्वेरी अर्ध्यावर बंद करतं. डिसोझा नाव इंग्रजीत लिहिलं तरी तेच, डी नंतर एकेरी चिन्ह येतं. हे झाले साधे लोक. कोणी मुद्दाम चिन्ह टाकून पुढे आपली आज्ञा लिहिली तर डेटाबेस ती पाळतो. एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात ते हेच. उलटी रेघ घालून निस्तरायला जाऊ नकोस. क्वेरीत किमतीच्या (दर नव्हे, भरायची व्हॅल्यू) जागी प्रश्नचिन्ह ठेव (एसक्यूलाइटला असं चालतं) आणि किंमत वेगळी दे. मग चिन्ह एकेरी असो, दुहेरी असो, डेटा डेटाच राहतो.

होटगी_रोडकर (सकाळी ११.२०)

म्हणजे एकेरी-दुहेरी वाद रात्रभर घातला तो फुकटच का?

पुण्यातला_सोलापूरकर (सकाळी ११.२७)

फुकट नाही, पण माणसांचा आहे, भाषेचा नाही. पायथॉनची स्वतःची शैलीपुस्तिका, पेप ८, म्हणते दोन्हींतलं एक धरा आणि टिकवा, आणि आत तेच चिन्ह आलं तर उलट्या रेघा घालत बसण्यापेक्षा बाहेरचं बदला. फंक्शनच्या माहितीला मात्र तीन दुहेरी. ब्लॅक नावाचा फॉरमॅटर (कोड एकसारखा मांडणारा प्रोग्राम) उलट्या रेघा वाढत नसतील तिथं सगळं दुहेरी करून टाकतो. आमच्याकडे तोच आहे, त्यामुळे वाद मिटला. मला मनातून एकेरी आवडतं, पण ऐकतो कोण.

एक मात्र सुधारलंय. एफ-स्ट्रिंगमध्ये, म्हणजे जिच्यात महिरपी कंसात व्हेरिएबल घालता येतं तिच्यात, कंसाच्या आत तेच अवतरण परत वापरता येत नव्हतं. पायथॉन ३.१२ पासून येतं. जुन्या व्हर्जनवर तोच कोड टाकला की बसतो, म्हणून मी अजून वापरत नाही.

टॉवेलवाला (तीन दिवसांनी, दुपारी ४.३०)

यादी एक्सेलमध्ये टाकली, सीएसव्ही काढली. स्वल्पविरामावर ओळ तोडून वाचली आणि पहिलं बिल छापलं. नवी पेठेतलं गिऱ्हाईक बिल बघून म्हणतं, "३०"" म्हणजे किती इंच हो?" प्रत्येक इंचाला दोन-दोन चिन्हं आणि नावाच्या पुढं-मागं आणखी एकेक. शिवाय 'टॉवेल, लाल काठ' ह्या मालाचे दोन तुकडे झाले आणि 'लाल काठ' दराच्या रकान्यात गेलं. लाल काठ गुणिले बारा डझन. काका माझ्याकडे बघत राहिले.

पॉलिटेक्निकवाली (दुपारी ४.५२)

सीएसव्हीची रीतच ती आहे. रकान्यात स्वल्पविराम किंवा दुहेरी अवतरण असलं तर पूर्ण रकाना दुहेरीत गुंडाळायचा आणि आतलं प्रत्येक दुहेरी दोनदा लिहायचं. काकांनी पास्कलचं सांगितलं, त्यातलीच युक्ती. एक्सेलनं ती पाळली, तू हातानं तोडताना मोडलीस. पायथॉनसोबत सीएसव्ही मॉड्यूल येतं, ते ही गुंडाळणी आपोआप सोडवतं. हातानं तोडू नकोस.

एक्सेलमध्ये बसलाच आहेस तर आणखी एक: बँक खात्याच्या नंबराला सुरुवातीला शून्य असेल तर एक्सेल ते खातं. आधी एक एकेरी चिन्ह टाकलं की तो रकाना मजकूर होतो आणि शून्य टिकतं. ते चिन्ह छापलं जात नाही.

पंचकार्ड_काका (सायंकाळी ६.१०)

एक विचारतो. माप नावात कशाला? लांबीचा एक रकाना कर, रुंदीचा एक. आकडे आकडेच ठेव. उद्या काका विचारतील साठ इंचाच्या वरचा माल किती गेला, तेव्हा तू स्ट्रिंगमधून इंच खरवडत बसणार काय?

टॉवेलवाला (रात्री ९.४५)

केलं काका. दोन रकाने. गंमत म्हणजे वहीतून उतरवताना काही मापं मराठी आकड्यांत गेली होती, तरी इंट("३०") नं बरोबर तीस दिलं. कोडमध्ये अवतरणाबाहेर ३० लिहिलं तर मात्र एरर.

सीएसव्ही मॉड्यूल लावलं. आज सहा बिलं निघाली, सहाही बरोबर.

अर्धा_इंच (रात्री ९.५०)

मग बिलावर इंचाचं चिन्ह कसलं छापलंस? सरळ, वळणदार का ८२४३ वालं?

टॉवेलवाला (रात्री ९.५८)

काकांना विचारलं. ते म्हणाले, "इंच असं लिही की अक्षरात. वहीत जागा नसायची म्हणून रेघा मारायचो."